बीपीची गोळी आणि घाईचे निष्कर्ष

२०२०च्या उन्हाळ्यात राज्याच्या आरोग्य विभागाचे रोजचे पत्रक ठरलेल्या साच्यात यायचे. आज इतके नवे रुग्ण, इतके मृत्यू, मृतांपैकी इतके साठीच्या पुढचे आणि इतक्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग यांसारखे जोखमीचे आजार. या शेवटच्या ओळीने घराघरांत दोन तट पाडले. ज्यांना बीपी नव्हता ते मनातल्या मनात निर्धास्त झाले. ज्यांना होता ते आपल्याच गोळ्यांच्या पाकिटाकडे संशयाने बघू लागले, कारण त्याच सुमारास आणखी एक बातमी फिरू लागली होती: बीपीच्या काही गोळ्याच म्हणे विषाणूला आत यायला मदत करतात. पत्रकातली माहिती खोटी नव्हती. गोळ्यांबद्दलची शंकाही कोणी हवेतून काढलेली नव्हती. तरीही दोन्हींवरून काढलेले निष्कर्ष चुकले, आणि त्या चुकण्यात सामान्य माणसांपेक्षा जाणकारांच्या घाईचा वाटा मोठा होता.

रक्तदाब आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते खरे आहे, असे मी मानतो. करोनाने ते ठळकपणे पुढे आणले, हेही मान्य. पण शरीरात अमुक घडते हे कळले, म्हणजे रुग्णाने काय करावे हे आपोआप ठरत नाही. मध्ये एक लांब, खर्चिक आणि बहुधा कंटाळवाणा टप्पा असतो. त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची विभागणी करतात, एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत आणि वाट बघतात. महासाथीच्या काळात हा टप्पा गाळून पुढे जाण्याचा मोह भल्याभल्यांना झाला. बीपीच्या गोळ्यांइतके त्याचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

आधी आकडे. फेब्रुवारी २०२०मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने ७२,३१४ नोंदींचा ताळेबंद मांडला. दुसरा कोणताही आजार नसलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.९ टक्के होते, तर उच्च रक्तदाब असलेल्यांत ६ टक्के. मथळ्यांना एवढे पुरेसे होते. पण बीपी असतो कोणाला? तरुणांना कमी, म्हाताऱ्यांना जास्त. आणि त्याच ताळेबंदात ऐंशीच्या पुढच्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण १४.८ टक्के होते. म्हणजे ६ टक्क्यांतला किती भाग रक्तदाबाचा आणि किती वयाचा, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नव्हते.

ही गाठ सोडवण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. ‘ओपनसेफली’ या प्रकल्पात १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी करोनाच्या मृत्यूंशी जोडून पाहिल्या गेल्या, आणि जुलै २०२०मध्ये निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले. १०,९२६ मृत्यूंचा तो अभ्यास होता. नुसते वय आणि लिंग जमेस धरल्यावर उच्च रक्तदाबाची जोखीम जेमतेम शिल्लक राहिली. लठ्ठपणा, मधुमेह, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे विकार हेही जमेस धरल्यावर तर ती दिसेनाशी झाली, उलट किंचित खालीच गेली. मग बीपी निर्दोष सुटला काय?

इतके सोपे नाही. मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयाचा विकार हे पुष्कळदा रक्तदाबाचेच परिणाम असतात. पंधरा वर्षे दुर्लक्षित बीपीने मूत्रपिंड खराब केले आणि मग हिशोबातून मूत्रपिंडाचा वाटा वजा केला, तर बीपीच्या नावावर काही उरणारच नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: सत्तरीच्या आतल्या लोकांत उच्च रक्तदाबाबरोबर जोखीम वाढलेली दिसत होती आणि त्यापुढच्या वयात ती उलटी फिरत होती. एका सरासरी आकड्याखाली अशा दोन उलट कहाण्या दडू शकतात. आकड्यांनी उत्तर दिले नाही, प्रश्न मात्र नेमका केला.

आपल्याकडे हा गोंधळ सरकारी कागदांतही उमटला. १ मार्च २०२१ला साठीच्या पुढच्यांबरोबर ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस खुली झाली. केंद्राने वीस विकारांची यादी दिली, आणि त्या यादीत नुसता उच्च रक्तदाब कुठेच नव्हता. पक्षाघात आणि सोबत बीपी किंवा मधुमेह, दहा वर्षांहून जुना मधुमेह आणि सोबत बीपीचे उपचार, अशा जोड्या होत्या. वर्षभर मृत्यूंच्या आकड्यांबरोबर ज्या आजाराचे नाव ऐकले, त्याला रांगेत प्राधान्य नाही, हे पाहून बीपीचे रुग्ण चक्रावले. माझ्या मते ती यादी पुराव्याला धरूनच होती. तसे असेल तर रोजच्या पत्रकाची मांडणी धरून नव्हती, आणि यातले काहीच लोकांना कोणी उलगडून सांगितले नाही.

आता शरीरात शिरू. रक्तदाब म्हणजे नळातल्या पाण्याचा जोर, एवढेच आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण तो जोर सांभाळणारी यंत्रणा रसायनांची आहे. मूत्रपिंडातून रेनिन सुटते. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडते, तो अँजिओटेन्सिन १. एसीई नावाचे विकर त्याला आणखी छाटते आणि अँजिओटेन्सिन २ तयार होते. हे द्रव्य रक्तवाहिन्या आवळते, शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते आणि त्याचबरोबर दाह चेतवते. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या एसीईला रोखतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या अँजिओटेन्सिन २ला पेशीवर बसू देत नाहीत. (अम्लोडिपिन घेणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नव्हते, ती गोळी या वाटेला जातच नाही. पण अफवेला एवढा बारकावा परवडत नाही.) या औषधकुळाचा उगम ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापात आहे. त्याच्या विषातले द्रव्य एसीईला अडवते, हे सेर्जिओ फेरेरा या ब्राझिली शास्त्रज्ञाच्या १९६०च्या दशकातल्या कामातून पुढे आले आणि त्यातून १९८१मध्ये कॅप्टोप्रिल बाजारात आले.

या यंत्रणेला एक लगामही आहे. २०००मध्ये दोन गटांनी एसीई२ हे विकर शोधले. ते अँजिओटेन्सिन २ मोडून त्याचा सौम्य तुकडा करते, म्हणजे दाब आणि दाह दोन्ही उतरवते. तीन वर्षांनी सार्सची साथ आली आणि २००३च्या अखेरीस उघड झाले, की तो विषाणू पेशीत शिरतो तो नेमका या एसीई२लाच चिकटून. २०२०चा करोनाही तेच करतो. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग विषाणूने पकडावा, हा योगायोग विलक्षण होता. गोंधळाचे मूळही इथेच आहे.

मार्च २०२०मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये तीन संशोधकांचे एक छोटे पत्र आले. त्यांचा तर्क असा: या गोळ्यांनी एसीई२ वाढते असे प्राण्यांत दिसले आहे. चीनमधल्या गंभीर रुग्णांत बीपी आणि मधुमेह असलेले पुष्कळ आहेत. तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त असू शकेल. पत्रात ते शक्यता म्हणूनच मांडले होते. बाहेर पडताच शक्यतेची खात्री झाली.

गंमत म्हणजे त्याच माहितीवरून उलटा तर्कही तितकाच सुरेख बसत होता, आणि त्याला आधारही जुना होता. २००५मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले होते, की सार्सच्या विषाणूचे काटेरी प्रथिन टोचले की फुप्फुसातले एसीई२ घटते, अँजिओटेन्सिन २ माजते आणि फुप्फुसाची हानी वाढते. लोसार्टन दिल्यावर ही हानी कमी झाली. म्हणजे हीच गोळी तारकही ठरू शकत होती. एकाच यंत्रणेवरून गोळी मारते असेही सिद्ध करता येते आणि तारते असेही. ज्या तर्काने दोन्ही बाजू जिंकतात, त्याच्या भरवशावर कोट्यवधी लोकांची गोळी बदलायची नसते. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या रक्तदाब परिषदेने १३ मार्च २०२०ला नेमके हेच ओळखले आणि जाहीर केले, की चालू गोळ्या बंद करू नका, बंद करण्याइतका पुरावा नाही. त्या महिन्यातला हा सर्वांत शहाणपणाचा कागद मला वाटतो. त्यात नवे ज्ञान काहीही नव्हते, फक्त घाई नव्हती.

रक्तदाबाचा प्रतिकारशक्तीशी थेट संबंध असतो का, हा यापेक्षा खोल प्रश्न. त्याची गोष्ट करोनाच्या खूप आधी सुरू होते. २००७मध्ये अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने टी आणि बी पेशी नसलेले उंदीर घेतले. अँजिओटेन्सिन २ देऊनही त्यांचा रक्तदाब नेहमीच्या उंदरांइतका चढला नाही. बाहेरून टी पेशी दिल्या, तेव्हा तो चढला. म्हणजे रक्तदाब वाढवण्यात पांढऱ्या पेशींचाही हात होता. २०१३मध्ये जादा मीठ टी पेशींच्या एका दाहकारक प्रकाराला बळ देते, असे दोन शोधनिबंधांनी दाखवले. चित्र जुळत होते: मीठ, अँजिओटेन्सिन, सतत धुमसणारा दाह आणि हळूहळू कडक होत जाणाऱ्या रक्तवाहिन्या.

पण चित्र जुळू लागले की न जुळणारे तुकडे नजरेआड होतात, म्हणून तेही मांडतो. २०१७मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच प्रकारच्या, त्याच नामांकित प्रयोगशाळेतून आणलेल्या उंदरांवर प्रयोग केला, तर त्यांचा रक्तदाब सरळ चढला. मधल्या काळात उंदरांची पैदास बदलली असावी. माणसांतही उत्तर दुभंगलेलेच आहे. संधिवात किंवा सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्या आठ बीपीच्या रुग्णांचा दाब उतरल्याचे २००६मध्ये नोंदले गेले. आठच माणसे. याउलट, हृदयविकाराच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या कँटोस चाचणीत दाहाचा एक महत्त्वाचा निरोप्या रोखला, हृदयविकाराचे झटके काही अंशी कमी झाले, पण रक्तदाब उतरला नाही. दाहामुळे बीपी वाढतो, बीपीमुळे दाह वाढतो, की दोघांमागे तिसरेच काही आहे, हे माणसाच्या बाबतीत अजून पक्के झालेले नाही.

या पार्श्वभूमीवर बर्लिनचा अभ्यास वाचायला हवा. डिसेंबर २०२०मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त तो आला. शारिते रुग्णालय आणि जर्मनीतल्या इतर संस्थांनी १४४ जणांची वैद्यकीय माहिती घेतली आणि ४८ जणांच्या श्वसनमार्गातल्या पेशी एकेक करून तपासल्या. कोणत्या पेशीत कोणती जनुके जागी आहेत, हे आता पेशीगणिक वाचता येते. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी आधीपासूनच दाहाच्या बाजूला झुकलेल्या होत्या आणि हा झुकाव आजार गंभीर होण्याशी जोडलेला होता. सीसीएल३, सीसीएल४ ही इतर पेशींना बोलावणारी द्रव्ये त्यांच्यात जास्त होती. विषाणूही त्यांच्या शरीरातून उशिरा हटत होता. जत्रेत हमरीतुमरीवर आलेल्या गर्दीत कोणी फटाका फोडावा, तसे काहीसे. फटाक्यापेक्षा पळापळीतच जास्त माणसे चेंगरतात.

ही उपमा मी उगीच दिलेली नाही. करोनाच्या गंभीर रुग्णांचा घात पुष्कळदा विषाणूपेक्षा शरीराच्या बेफाम प्रतिसादाने होतो, याचा पुरावा तोवर आलेला होता. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले, की प्रतिकारशक्तीला आवर घालणारे जुने, स्वस्त डेक्सामेथासोन व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी करते. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. आपल्याकडे ताप येताच स्टेरॉइड सुरू करणाऱ्यांनी बातमीचा पहिला अर्धाच भाग वाचला होता.

बर्लिनच्या अभ्यासाने गोळ्यांबद्दलही एक निरीक्षण नोंदवले. एसीई रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा अतिरेकी दाह मंद होता आणि पेशींचा विषाणूविरोधी प्रतिसाद चांगला होता. सार्टन गटातल्या गोळ्यांबरोबर तसे दिसले नाही, काही बाबतींत चित्र उलटच होते. संशोधकांनी स्वतःच लिहिले, की एवढ्या लहान गटावरून उपचाराचा गुण ठरवता येणार नाही, पुढे तपासून पाहायला हवे. हा संयम त्या शोधनिबंधात होता. त्याच्या बातम्या करताना तो टिकवणे कठीण असते, कारण ‘टेल्मिसार्टन सोडा, रामिप्रिल घ्या’ हे वाक्य त्यातून चुटकीसरशी काढता येते. भारतात तर टेल्मिसार्टन घरोघरी आहे, त्याचे एक कारण म्हणजे रामिप्रिलच्या कुळातल्या गोळ्यांनी अनेकांना कोरडा खोकला लागतो. करोनाच्या दिवसांत कोरडा खोकला घेऊन लोकलच्या डब्यात चढण्याची कल्पना करून पाहा.

पुढे तपासले गेले, तेव्हा काय निघाले? ब्राझीलमध्येच, त्या सापाच्या देशात, ६५९ रुग्णांची चाचणी झाली. या गोळ्या आधीपासून घेणारे करोनाचे रुग्ण दोन गटांत विभागले, एका गटाच्या गोळ्या ३० दिवस थांबवल्या, दुसऱ्याच्या चालू ठेवल्या. रुग्णालयाबाहेर जिवंत घालवलेल्या दिवसांत फरक पडला नाही. सात देशांतल्या १५२ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीचेही उत्तर तेच. दोन्ही निकाल जानेवारी २०२१पर्यंत हाती होते. मार्चची भीती संपायला हवी होती ती इथे.

आशा मात्र संपली नाही. ‘गोळी घातक नाही’ यावरून ‘गोळी तारक आहे’ इथवर उडी मारायला अनेक जण तयार होते. मे २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध आला होता, ज्यात एसीई रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसत होते. त्याची माहिती सर्जिस्फिअर या कंपनीने पुरवली होती. मूळ नोंदी तपासायला मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत आणि ४ जूनला तो शोधनिबंध मागे घेतला गेला. जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकावर महिन्याभरात अशी वेळ यावी, यावरून त्या दिवसांतली घाई किती होती हे कळते.

मग प्रामाणिक चाचण्या झाल्या. क्लॅरिटी ही चाचणी आपल्या अभिमानाची आहे, कारण तिच्यातल्या ७८७ रुग्णांपैकी बहुतेक सगळे भारतातले होते. त्यांतल्या निम्म्यांना मुख्यतः टेल्मिसार्टन दिले. आजाराच्या तीव्रतेत फरक पडला नाही. त्यानंतर रीमॅप-कॅप. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांना ही औषधे नव्याने सुरू करून पाहिली, तर ती घेणाऱ्यांची अवस्था सुधारण्याऐवजी बिघडण्याकडे झुकलेली दिसली, आणि सुरक्षेच्या कारणाने रुग्ण घेणे थांबवावे लागले. २००५च्या उंदरांत तारक ठरलेला तर्क अतिदक्षता विभागातल्या माणसांत उलटला होता.

इथे एक आक्षेप येईल: मग पेशींच्या पातळीवरचे संशोधन व्यर्थ म्हणायचे का? मुळीच नाही. डेक्सामेथासोन का चालते हे समजायला तेच लागते. बीपीकडे बघण्याची नजरही त्याने बदलू शकते. मनगटाला किंवा दंडाला पट्टा बांधून येणारे दोन आकडे हे त्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात आणि कदाचित पांढऱ्या पेशींत वर्षानुवर्षे चाललेल्या घडामोडीचे बाहेरून दिसणारे टोक असतील, तर ‘मला काही त्रास होत नाही, गोळी कशाला?’ या आपल्याकडच्या आवडत्या युक्तिवादाला जागाच उरत नाही. अशा संशोधनातून कोणती गोष्ट चाचणीला घालायची हे कळते. चाचणीचा निकाल काय लागेल हे त्यातून कळत नाही, आणि माझे भांडण एवढ्यापुरतेच आहे.

खरी हळहळ वेगळ्याच ठिकाणी आहे. रामिप्रिल की टेल्मिसार्टन यावर जग वाद घालत असताना, आपल्याकडे प्रश्न कोणतीही एक गोळी रोज मिळण्याचा होता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा वर्षांपुढच्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होते. त्यांतल्या कित्येकांना टाळेबंदीत ओपीडी बंद, एसटी बंद आणि गोळ्या संपलेल्या, अशा अवस्थेत काढावे लागले. २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. ठरावीक औषधे, ठरलेली मात्रा, जवळच्या आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, असे त्याचे सरळसाधे स्वरूप. या कामाला मथळा मिळत नाही. पण पुढची साथ येईल तेव्हा माणसे रुग्णालयाच्या दारात कोणत्या मूत्रपिंडांनिशी आणि कोणत्या रक्तवाहिन्यांनिशी पोहोचतील, हे त्यावर ठरणार आहे.

ज्यांच्या घरी आज बीपीची गोळी आहे त्यांच्यासाठी यातून निघते ते थोडक्यात असे. ताप आला, करोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणून आपल्या मनाने गोळी थांबवू नये आणि बदलूही नये. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा दाब फार खाली गेला असेल, तर डॉक्टर काही दिवस ती थांबवायला सांगतील. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा. १३ मार्च २०२०ला दिला गेलेला ‘चालू गोळ्या चालू ठेवा’ हा सल्ला इतक्या चाचण्यांनंतरही बदलावा लागलेला नाही.